घरातल्या सेवेचा जमाखर्च



"सेवेला पैसे मोजले की ती सेवा राहत नाही." हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी ऐकलं आहे. म्हणणारी माणसं वाईट नसतात. पण ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्या घरातली बाई हे ऐकून गप्प बसते. तिला माहीत असतं की सेवेला पैसे लागतातच, आणि पैसे नसले तर तिचे हात लागतात, तिची कंबर लागते, तिची झोप लागते.

म्हणून आज थोडं मागे जाऊन पाहू या. आपल्या धाराशिव जिल्ह्यात घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा भार आजवर कुणी उचलला? त्यांना अन्न कुणी दिलं, औषध कुणी दिलं, आणि रात्री त्यांची कूस कुणी बदलली? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर सापडतात. तिसऱ्याचं उत्तर शोधायला गेलं की कागद कोरा निघतो. त्या कोऱ्या जागेबद्दलच आज लिहायचं आहे.

वहीत काय लिहिलं जायचं

आमचं घराणं कापडाच्या धंद्यातलं. आजेसासऱ्यांच्या काळचे काही रोजमेळ अजून माळ्यावरच्या पेटीत आहेत. तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे वहीत रुपयेसुद्धा दोन तऱ्हेचे आहेत. एक निजामाचा हाली रुपया आणि दुसरा इंग्रजांचा कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. इतका बारीक हिशेब ठेवणारी ही माणसं!

पणजीसासूबाई शेवटची दीड-दोन वर्षं अंथरुणावर होत्या, असं घरात सांगतात. त्या काळातली पानं मी माझ्या सासऱ्यांकडून वाचून घेतली, कारण अक्षर मोडी आहे. वैद्याचं देणं आहे, एरंडेल आहे, तिळाचं तेल आहे, गोधड्या शिवून घेतल्याची मजुरी आहे. पाय चेपायला येणाऱ्या बाईला दिलेली ज्वारी आहे. मंदिराच्या भांडारात दिलेलं दान तर पै-पैसह आहे. पण त्यांना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, रात्री तीनदा उठून पाहणं हे सगळं माझ्या आजेसासूबाईंनी केलं, आणि त्यांची एकही ओळ त्या वहीत नाही. वही लिहिणाऱ्याने काही लपवलं नाही. जिथे रोकड जात नाही तिथे नोंद होत नाही, हा वहीचा नियमच आहे.

त्या काळी म्हाताऱ्या माणसाची तजवीज जमिनीतून व्हायची. वाटणी करताना आई-वडिलांच्या नावे काही एकर वेगळे ठेवायचे, नाही तर मुलांनी पाळी लावून सांभाळायचं. विधवा काकू किंवा आजी असेल तर तिच्यासाठी कागदात 'अन्नवस्त्र' किंवा 'पोटगी' लिहायचे. म्हणजे वर्षाचं धान्य, लुगडी आणि राहायला एक खोली. कोर्टही हा हक्क मानत असे. आता हा शब्दच नीट पाहा ना. त्यात अन्न आहे, वस्त्र आहे. पडून राहिलेल्या माणसाला उचलणारे हात त्यात नाहीत, कारण ते घरात असणारच असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

ते हात पुष्कळदा कुणाचे असत, हेही आपल्याला ठाऊक आहे. आपल्या समाजात बालविधवा कमी नव्हत्या. अशी एखादी आत्या किंवा काकू घरात असली की आजाऱ्याची शेज तिच्याकडे जायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात मुंबईत मगनबाईंनी श्राविकाश्रम चालवला. आपल्या शेजारी सोलापुरातही श्राविकाश्रम उभा राहिला आणि पुढे पंडिता सुमतीबाई शहांनी तिथे मुलींच्या शिक्षणाचं फार मोठं काम केलं. त्या आश्रमांनी विधवा मुलींना अक्षर दिलं, स्वतःच्या पायावर उभं केलं. हे फार चांगलं झालं. पण त्यातली एक गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही. ती मुलगी शिक्षिका झाली तेव्हा एका घरातली फुकट राबणारी दोन हातांची जोडी कमी झाली. तिच्या जागी कोण, हा प्रश्न तेव्हापासूनच सुरू झाला आहे. तो आजच्या नोकरी करणाऱ्या सुनांनी आणलेला नाही.

कुंथलगिरी, १९५५

आपल्या जिल्ह्यात भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. देशभूषण-कुलभूषण मुनींचं सिद्धक्षेत्र. बाहेरच्यांना तिथला पेढा माहीत असतो. आपल्याला ती जागा आणखी एका कारणाने माहीत आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी तिथे सल्लेखना घेतली. १४ ऑगस्ट १९५५ ते १८ सप्टेंबर १९५५, असे छत्तीस दिवस. वय त्र्याऐंशीच्या आसपास. दृष्टी फार कमी झाली होती. जीव वाचवून पाऊल टाकणं अशक्य झालं, तर मुनिधर्म पाळायचा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

सल्लेखना आणि घरातल्या आजाऱ्याची शुश्रूषा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ मला करायची नाही. पण त्या निमित्ताने मी 'भगवती आराधना' या शिवार्यांच्या प्राचीन ग्रंथातला भाग समजून घेतला. मला वाटलं होतं त्यात फक्त वैराग्याचा उपदेश असेल. तिथे कामाची वाटणी निघाली!

समाधी घेणाऱ्या साधूची काळजी घेणाऱ्यांना निर्यापक म्हणतात. ते अठ्ठेचाळीस असावेत असं ग्रंथ सांगतो, आणि त्यांच्या चार-चार जणांच्या तुकड्या पाडतो. चौघांनी त्यांना उठवायचं, बसवायचं, कूस बदलायची. चौघांनी धर्मकथा ऐकवायची. चौघांनी आहाराचं पाहायचं, चौघांनी पाण्याचं. चौघांनी मलमूत्र उचलून जागा स्वच्छ ठेवायची. चौघांनी दारावर थांबायचं. चौघांनी रात्री जागायचं. अशी बारा कामं. काळ वाईट असेल, इतके साधू मिळत नसतील, तर संख्या कमी करत न्यायची, पण दोनांच्या खाली उतरायचं नाही. एकटा निर्यापक चालत नाही. कारण साधं आहे. तो एकटा आहाराला गेला तर आजाऱ्याजवळ कोण? आणि आजाऱ्याजवळच बसून राहिला तर त्याचं स्वतःचं काय?

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. ज्यांनी घर सोडलं, पैसा सोडला, त्यांनीही शुश्रूषेचे हात मोजले होते. मलमूत्र उचलणं हे काम त्यांनी वेगळं लिहिलं, रात्री जागणं वेगळं लिहिलं. एकाच माणसावर सगळं टाकायचं नाही हे स्पष्ट सांगितलं. आपण मात्र "सूनबाई आहेत ना" एवढं म्हणतो आणि अठ्ठेचाळीस जणांचं काम एका नावावर मांडतो.

तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्य हे अभ्यंतर तप आहे आणि ज्यांची सेवा करायची त्या दहांत 'ग्लान' म्हणजे आजारी साधू आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तर पाय चेपण्याचाही उल्लेख येतो. हे सगळं संयमींच्या सेवेबद्दल आहे, मान्य. पण तप हे आपण होऊन करायचं असतं. दुसऱ्याने आपल्यावर लादलेलं तप होत नाही.

कायद्याने काय मोजलं

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला. तो जैनांनाही लागू आहे. त्यात पहिल्यांदा स्वच्छ लिहिलं गेलं की स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निभाव लागत नसेल अशा वृद्ध आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलाची आहे, तशी मुलीचीही आहे. त्याच वर्षीच्या वारसा कायद्याने बाईची मालमत्ता पूर्णपणे तिची झाली, त्यामुळे तिच्याकडे मागण्यासारखंही काही आलं. निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा यांच्याबरोबर वैद्यकीय शुश्रूषा आणि उपचार हे शब्द आले. जुन्या अन्नवस्त्रापेक्षा कायदा दोन पावलं पुढे गेला.

१९७४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली आई-वडिलांनाही मॅजिस्ट्रेटकडे पोटगी मागता येऊ लागली. मर्यादा होती महिन्याला ५०० रुपये. या कलमाखालचं एक प्रसिद्ध प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलं आहे. एका वडिलांनी कल्याणला डॉक्टर असलेल्या आपल्या विवाहित मुलीकडे पोटगी मागितली. मुलीचं म्हणणं असं की कायद्यात फक्त मुलगा आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की लग्न झालं म्हणून मुलीचं कर्तव्य संपत नाही. ५०० रुपयांची मर्यादा २००१ मध्ये निघाली. आता त्या संहितेच्या जागी नवी संहिता आली आहे आणि हेच कलम १४४ झालं आहे.

मग आला २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१० मध्ये केले. यात कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. प्रांताधिकाऱ्यांपुढे न्यायाधिकरण असतं, अर्ज साध्या कागदावर करता येतो, वकील लागत नाही, साधारण ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. पोटगीची कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपये. ती २००७ मध्ये ठरली आणि अजून तीच आहे. २०१९ मध्ये एक दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं होतं. त्यात ही मर्यादा काढायची होती, घरी येऊन देखभाल करणाऱ्या सेवांसाठी नियम करायचे होते, आणि सून-जावई यांनाही जबाबदार धरायचं होतं. २०२४ मध्ये लोकसभा संपली आणि विधेयकही संपलं.

यातली गंमत पाहा. आजच्या कायद्याच्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, नातू-नात आहेत. सून नाही. पैसे देण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांची नावं लिहिलेली आहेत. रात्री उठण्याचं काम जिचं, तिचं नाव नाही. आणि जेव्हा तिचं नाव घालायचं ठरवलं, तेव्हा तिच्याकडून घेण्यासाठी.

सरकारी पैसा कुठवर पोचला

आपल्या भागात म्हाताऱ्या माणसाच्या हातात सरकारचा पैसा पडू लागला तो आधी स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनमधून. ती योजना १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी सुरू झाली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनाही पेन्शन मिळाली आणि त्यांच्यामागे त्यांच्या पत्नींना. त्या घरांत आजीला एक वेगळाच मान असे, हे मी लहानपणी पाहिलं आहे. पेन्शनच्या दिवशी नातवंडं आजीभोवती असत.

बाकीच्यांसाठी १९८० मध्ये महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, महिना ७५ रुपये. २००६ मध्ये ती २०० झाली. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा आजही २०० रुपयेच आहे, ऐंशी पूर्ण झाली की ५००. महाराष्ट्र त्यात आपली भर घालतो. श्रावणबाळ योजनेत मिळणारी रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १,००० झाली आणि २०२३ मध्ये १,५००. वय ६५ पूर्ण हवं, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

आता १,५०० रुपयांचा हिशेब करू. दिवसाला ५० रुपये. माझ्या सासूबाईंना रोज दोन डायपर लागतात. स्वस्तातला एक ३५ रुपयांचा धरला तरी ७० झाले. म्हणजे गरीब घरातल्या आजीची सगळी पेन्शन तिच्या डायपरलाही पुरत नाही. दूध, औषध, आणि उचलणारं माणूस पुढेच राहिलं.

दवाखान्यासाठी मात्र पैसा वाढला आहे. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. वयोश्री योजनेत काठी, चष्मा, कमोड खुर्ची यांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. एसटी पंचाहत्तरीनंतर फुकट आहे. हे सगळं घ्याच, हक्काचं आहे. पण मांडीचं हाड मोडलेली आजी ऑपरेशन होऊन घरी आली की कार्डाचं काम संपतं. तिथून पुढचे सहा महिने घराचे.

भूकंपानंतर

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न एकदम उघडा पडला तो ३० सप्टेंबर १९९३ ला. किल्लारीचा भूकंप म्हणतो आपण, पण उमरगा-लोहारा भागातली आपली गावंही त्यात गेली. गणपती विसर्जनाची रात्र संपून पहाट होत होती. हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. लातूर आणि धाराशिव मिळून ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या प्रमाणात मिळाली. भूमिहीन आणि थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचं घर.

जुन्या वाड्यात ढेलजेत म्हातारं माणूस पडून असायचं. येता-जाता कुणीतरी पाणी द्यायचं, दोन शब्द बोलायचं. नवी गावं लांब-रुंद रस्त्यांची, चौकोनी आखणीची झाली. भावकी पांगली. २५० फुटांत खाट टाकली की दुसऱ्याला पाय टाकायला जागा नाही. कितीक म्हाताऱ्यांच्या मागे सांभाळणारं कुणी उरलंच नव्हतं. घराचा पैसा आला, पत्र्याचा आला, सिमेंटचा आला. जाता-येता पाणी देणारी माणसं कुठल्या योजनेत आणायची?

त्याच काळात तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. त्यांना भारतवैद्य म्हणत. कमी शिकलेल्या, शेतात जाणाऱ्या बायका, पण गावातलं कोण आजारी आहे हे घर न् घर त्यांना माहीत. २००५ नंतर आशाताई आल्या. त्यांचा मोबदला कामागणिक ठरला आणि कामं मुख्यतः बाळंतपणाची, लसीकरणाची. आजोबांच्या पाठीच्या जखमेसाठी रोज येणं ही कामाची ओळ त्यात मोठी झाली नाही.

दुसरीकडे वेगळं घडू शकलं. केरळमध्ये घरोघर जाणाऱ्या नर्सचा खर्च ग्रामपंचायती उचलतात, तिथे २००८ मध्ये त्याचं धोरणच झालं. जर्मनीत १९९५ पासून सगळ्यांच्या पगारातून यासाठी वर्गणी कापतात आणि घरीच सांभाळणारी मुलगी-सून असेल तर तिच्यासाठीही पैसे मिळतात. जपानमध्ये २००० पासून चाळिशीनंतर प्रत्येकाला ही वर्गणी भरावी लागते. कुणी त्यांना "सेवेचे पैसे घेता?" असं विचारत नाही.

आणि मैत्रिणींनो, आपल्या समाजाला ही कल्पना परकी नाही. पांजरपोळ आठवा. मुंबईचा पांजरपोळ १८३४ चा, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी पुढाकार घेतलेला. अशा पांजरपोळांसाठी व्यापारी आपल्या उलाढालीतून नेमाने रक्कम काढत. म्हाताऱ्या, लंगड्या गाईला चारा घालणाऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो, हे आपल्या पूर्वजांना कळत होतं, आणि त्याने जीवदयेचं पुण्य कमी होतं असं त्यांना वाटलं नाही.

आता आपल्या घरात

माझ्या सासूबाई तीन वर्षांपासून अंथरुणावर आहेत. दिवसा एक मावशी येतात, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. महिन्याला ९,००० रुपये. रात्र माझी. पुण्याच्या दिरांनी एकदा फोनवर विचारलं, "वहिनी, आईचा खर्च किती येतो? तीन वाटे करू." मी कागदावर सगळं लिहून पाठवलं. औषधं, डायपर, दूध, मावशींचा पगार. आणि शेवटी एक ओळ, 'रात्रपाळी, ९,०००, केली कुणी: मी'. दीर दोन दिवस काही बोलले नाहीत. मग त्यांचा फोन आला, "वहिनी, तुमचा वाटा भरला आहे, बाकीचं आम्ही दोघं पाहतो." सोलापूरच्या नणंदबाईंनी महिन्यातले सहा दिवस येऊन राहायचं ठरवलं. त्या सहा रात्री मी झोपते. मला कुणी पगार दिला नाही आणि मला तो नकोही होता. मला त्या कागदावर एक ओळ हवी होती.

म्हणून अनुभवावरून आणि या सगळ्या इतिहासावरून चार गोष्टी सांगते.

पहिली, हिशेबाची वही करा. तीत वस्तूंबरोबर हातही लिहा. कोण किती तास. भावांमध्ये वाटणी करताना जी उठ-बस करते तिचा वाटा त्यात आधी धरा.

दुसरी, जमीन किंवा घर मुलांच्या नावावर करायचं झालं तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या कायद्याचं कलम २३ अशा अटीवर उभं आहे. अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिणं म्हणजे मुलावर अविश्वास नव्हे. आपले आजोबा अन्नवस्त्राची कलमं लिहीतच होते. कुठे अडलं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

तिसरी, बाहेरून येणाऱ्या मावशींबद्दल. पगार ठरलेल्या तारखेला द्या, आठवड्याची सुट्टी द्या, सणाला साडी द्या. आपण सूर्यास्तापूर्वी जेवतो. त्या घरी पोचून रात्री नऊला चूल पेटवतात. निघताना त्यांच्या हातात चहाबरोबर दोन भाकरी ठेवायला आपल्या कुठल्याही नियमाला बाध येत नाही. आणि एक नाजूक बोलते. सोळ्याचा स्वयंपाक वेगळा, ते मी समजते. पण जी बाई आपल्या आईचं अंग पुसते, मळ उचलते, तिचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो, हे मला बघवत नाही. आमच्याकडे मावशींचा कप आमच्याच कपांत असतो.

चौथी, आपल्या मंदिरांसाठी. चातुर्मासात आपण मोठी वर्गणी काढतो आणि आनंदाने काढतो. त्यातला थोडा भाग वैयावृत्त्य निधी म्हणून बाजूला ठेवता येईल. दोन हवेच्या गाद्या, दोन चाकाच्या खुर्च्या, एक वर-खाली होणारी खाट, लागेल त्या घराला द्यायची, काम झालं की परत घ्यायची. आणि ज्या काकू एकट्या आहेत, ज्यांची मुलं दूर आहेत किंवा नाहीतच, त्यांच्याकडे रोज दोन तास जाणाऱ्या बाईचा पगार त्या निधीतून. तोही चौघीजणींनी आळीपाळीने पाहायचा. चार ही संख्या आपल्याच ग्रंथातली आहे.

आमच्या मंडळाने या महिन्यात पहिली हवेची गादी घेतली. २,२०० रुपये लागले, अकरा जणींनी दोनशे-दोनशे दिले. ती आज एका काकांच्या खाटेवर आहे, आणि पुढच्या दोन घरांची नावं वहीत लिहून ठेवली आहेत.

जय जिनेंद्र.